अंदमानच्या प्रवाळांत पहिली डाइव्ह : हॅवलॉकला जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, मग नील, आणि या धावपळीत कुठेतरी बसवलेली अर्ध्या तासाची स्कूबा डाइव्ह. मी पहिल्यांदा अशाच सहलीतून पाण्याखाली गेले, दुसऱ्यांदा मात्र चार दिवस राखून ठेवून रीतसर अभ्यासक्रम केला. या दोन अनुभवांतले अंतर इतके मोठे होते की, ज्यांना समुद्राखालचे जग मनापासून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सगळी माहिती क्रमाने लिहून ठेवावी असे वाटले. हॅवलॉकचे नाव २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्री विजयपुरम. तरीही डाइव्हच्या केंद्रांवर आणि नावाड्यांच्या तोंडी जुनीच नावे आहेत, म्हणून मीही तीच वापरते.

१. आधी ठरवा : ओळखीची डाइव्ह की अभ्यासक्रम?

ओळखीच्या डाइव्हला ‘डिस्कव्हर स्कूबा’ म्हणतात. तिला पोहता येण्याची अट नसते, वयाची किमान मर्यादा दहा वर्षे आहे आणि खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. तरंगण्याच्या जाकिटात हवा किती भरायची, वर कधी यायचे हे सगळे तोच पाहतो. हॅवलॉकला ही डाइव्ह बहुतेक वेळा गोविंदनगरच्या किनाऱ्याजवळच्या नेमो रीफवर होते, जिथे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येते.

‘ओपन वॉटर’ हा अभ्यासक्रम तीन ते चार दिवसांचा असतो. त्यात आधी पुस्तकी धडे, मग उथळ, शांत पाण्यातला सराव आणि शेवटी समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. तो पूर्ण केला की जगात कुठेही जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाता येते. यासाठी पोहता यायला हवे : २०० मीटर अंतर न थांबता, वेळेची अट नाही आणि पोहण्याची पद्धत कोणतीही चालते, त्याशिवाय दहा मिनिटे आधाराविना तरंगून दाखवावे लागते. पोहण्याच्या तलावात ज्यांना आठ लांब्या सावकाश काढता येतात त्यांनी या परीक्षेची धास्ती घेऊ नये.

माझे मत स्पष्ट आहे. पोहता येत असेल आणि चार दिवस काढता येत असतील तर अभ्यासक्रमच करा. ओळखीच्या डाइव्हमध्ये तुम्हाला समुद्र दाखवला जातो; अभ्यासक्रमात तुम्ही स्वतः श्वास सांभाळायला शिकता, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे, म्हणजे कानांचे, तरंगण्याचे, प्रवाळ न मोडण्याचे, ते सगळे त्या श्वासाशी येऊन थांबते.

२. आरोग्याचा फॉर्म घरीच भरा

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. अभ्यासक्रमाच्या पहिल्या सकाळी केंद्रावर प्रश्नावली हाती आली. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदरपण असे प्रश्न त्यात असतात. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, तो कधीच थांबला होता, तरी मी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले. त्याबरोबर माझी डाइव्ह थांबली, कारण एका ‘होय’नंतर डॉक्टरांच्या सहीचे पत्र लागते. बेटावर ते मिळवण्यात माझे दोन दिवस गेले. केंद्राचे काहीच चुकले नव्हते. ही प्रश्नावली आधी मागवून घ्यायला हवी होती, ती मी मागवली नाही.

म्हणून नोंदणी करतानाच फॉर्म मागवा, एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, शक्यतो छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना, तो फॉर्म दाखवा आणि सही-शिक्का घेऊनच निघा. ‘सगळीकडे नाही लिहा, कुणी विचारत नाही’ असा सल्ला देणारे भेटतात. तो कुणाकडूनही ऐकू नका. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहत असेल तर वर येताना ती हवा प्रसरण पावते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकते. त्या प्रश्नामागे एवढे गंभीर कारण आहे.

३. दिवसांची मांडणी : डाइव्ह आधी, सेल्युलर जेल नंतर

पाण्याखाली दाब जास्त असल्याने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो व वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे शरीरातच तयार होऊ शकतात. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असे सांगितले जाते; मी पूर्ण २४ तास सोडते आणि तुम्हीही सोडावेत.

सहल आखणाऱ्यांच्या हे लक्षात राहतेच असे नाही. तुमचा आराखडा हातात आला की डाइव्हचा दिवस आणि परतीचे विमान शेजारी मांडून पाहा. सोपा उपाय असा : पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर लगेच बोटीने हॅवलॉक गाठा, डाइव्ह तिथे पहिल्या दिवसांत उरका, आणि सेल्युलर जेल, संग्रहालये, रॉस बेट हे सगळे शेवटच्या दिवसांसाठी ठेवा. त्यामुळे नायट्रोजनसाठी लागणारा वेळ आपोआप मिळतो, आणि जेलच्या त्या कोठड्यांपुढे घाईशिवाय उभे राहता येते.

ऋतू नोव्हेंबर ते एप्रिलचा धरा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्र सहसा सर्वांत शांत असतो. पावसाळ्यात बोटी रद्द होतात आणि पाणी गढूळ राहते. आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही : अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला असून घड्याळ मात्र आपलेच वापरते, त्यामुळे पाचच्या सुमारास उजाडते आणि साडेपाचनंतर अंधारू लागते. डाइव्हच्या बोटी सकाळी लवकर सुटतात. रात्री जागून चालणार नाही.

४. सोबत काय असावे

कागदपत्रे : आधार किंवा अन्य ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती, आरोग्याचा भरलेला फॉर्म व लागल्यास डॉक्टरांचे पत्र, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती, बोटीची परतीची तिकिटे, आधी अभ्यासक्रम केला असेल तर कार्ड आणि नोंदवही. विम्यात स्कूबाचा समावेश आहे का हे पॉलिसीत स्वतः वाचा, कारण प्रवासविम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

सामान : पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा (उन्हाची मलमे पाण्यात उतरतात आणि त्यांतली काही रसायने प्रवाळाला बाधक असतात, तेव्हा कपड्यानेच अंग झाकावे हे बरे), बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून, पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क मिळेल का हे आधी विचारावे. बाकी साधने केंद्रावर मिळतात. पुढे छंद वाढला तर पहिली खरेदी स्वतःच्या चेहऱ्याला बसणाऱ्या मास्कची करा. दुकानात तो पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा.

५. केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

दरांची तुलना सर्वांत शेवटी करा. आधी हे विचारा : एका प्रशिक्षकाबरोबर किती जण असतील? ओळखीच्या डाइव्हसाठी मी ‘एकास एक’ याखेरीज दुसरे उत्तर मान्य करत नाही. बोटीवर प्रथमोपचारासाठी शुद्ध ऑक्सिजन आहे का? प्रशिक्षकाचे पाडी किंवा एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे ओळखपत्र चालू वर्षाचे आहे का? पाण्यात उतरण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ सराव घेतला जाईल? फोटो, बोट आणि साधने दरात धरली आहेत का? आणि समुद्र खवळला तर पैसे परत मिळतील की तारीख बदलेल?

सराव ‘पाच मिनिटांत होतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

६. पाण्यात उतरण्याआधी : तीन सवयी

पाठीवरच्या टाकीला आपण सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलेंडर’ म्हणतो. तिच्यात साधी हवाच असते, गाळलेली आणि सुमारे २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) दाबून भरलेली. ती रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या झडपेतून, भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळते. त्यावरून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्यामुळे दहा मीटरवर घेतलेला छातीभर श्वास पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. श्वास चालू असला की ती हवा आपली आपण निघून जाते.

दुसरी सवय कानांची. नाक चिमटीत धरा, तोंड मिटून नाकातून हलकी फुंकर घाला, कानात बारीक ‘टक्’ होईल. हे दुखण्याआधी करायचे, उतरायला लागल्यापासून दर हातभर अंतरावर. पहिल्या काही मीटरमध्येच दाबाचा फरक सर्वांत जोरात जाणवतो, आणि नवशिक्यांचे कान तिथेच दुखतात. दुखले तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा, जमले नाही तर डाइव्ह सोडा. सर्दी असताना उतरू नका, आणि नाक मोकळे करणारी गोळी घेऊन तर मुळीच नको, कारण तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कोंडते.

तिसरी सवय खुणांची. आपण ‘छान’ म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. सगळे ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेला गोल. माझ्या पहिल्या डाइव्हमध्ये पिवळ्या माशांचा थवा पाहून मी आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने मला तत्काळ वर नेले; त्याने तसे केले हे अगदी बरोबर होते.

घरी असताना स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून तलावात, किंवा तोही नसेल तर बादलीत चेहरा बुडवून, नाक बंद ठेवून तोंडाने श्वास घेण्याचा सराव आठवडाभर करा. पाण्याखाली घाबरणाऱ्यांतले बरेच जण नाकात पाणी शिरल्याने घाबरतात. मास्कमध्ये पाणी आले तर मान थोडी वर करा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकातून सावकाश फुंका. पाणी खालच्या कडेने निघून जाते.

७. तरंगणे शिका, कारण प्रवाळ तुमच्या गुडघ्याखाली आहे

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या दिवशी माझा गुडघा एका मोठ्या, घुमटासारख्या पोरायटीज प्रवाळाच्या दिशेने जात होता आणि मला ते कळतही नव्हते. प्रशिक्षकाने माझ्या टाकीला वर धरले आणि छातीवर हात ठेवून दाखवले : श्वास घे. मी दीर्घ श्वास घेतला. काही झाले नाही. मग दोन सेकंदांनी माझे सगळे शरीर, टाकीसकट, हलकेच वीतभर वर उचलले गेले. श्वास सोडला, आणि तसाच विलंब होऊन मी खाली आले. त्या क्षणी मला डायव्हिंग समजले. अंगातले हवा भरायचे-सोडायचे जाकीट, म्हणजे बीसीडी, मोठ्या फरकासाठी असते. बारीक फरक फुप्फुसांनी करायचा असतो, तोही थोडा आधी, कारण परिणाम उशिरा होतो.

यासाठी वजन बरोबर असावे लागते. नवशिक्याला पटकन बुडवता यावे म्हणून कमरेला जास्त शिसे बांधण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. मग तो माणूस उभा राहून पाय मारत राहतो, त्याच्या फिन्स, म्हणजे पायांत घालायची वल्ही, प्रवाळावर आपटतात आणि हवा लवकर संपते. पृष्ठभागावर जाकीट रिकामे करून साधा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेत आले की वजन बरोबर आहे, असे समजा. खोल पाण्यात उतरण्याआधी ही तपासणी करून घेण्याचा आग्रह धरा. रोखू नये म्हणून सांगितलेला श्वास इथे क्षणभर धरायला हरकत नाही, कारण तुम्ही पृष्ठभागावरच आहात.

त्या घुमटाबद्दल थोडे सांगते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. हजारो इवल्या जीवांची ती वसाहत असते, आणि त्यांच्या पेशींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. असा घुमट वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले. जे वाचले, जे नव्याने वाढले, त्याच्यावर आपल्या फिनचा एक तडाखा बसला तर अनेक वर्षांची वाढ मोडते.

८. खाली काय पाहाल, आणि कशापासून लांब राहाल

घाईने पुढे जाऊ नका. नेमो रीफवर एका समुद्रफुलापाशी पाच मिनिटे स्थिर राहा. त्यातले विदूषक मासे तुमच्या मास्कपर्यंत येऊन परत फिरतात. त्यांत सर्वांत मोठी ती मादी, आणि ती गेली की तिचा जोडीदार नरच मादी होतो. कान दिलात तर कुरकुर असा आवाज ऐकू येईल. तो पॅरटफिशचा, जो चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो आणि पांढरी रेती मागे सोडतो. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या किनाऱ्यांची पुष्कळशी रेती अशीच तयार होते. मोठा गोबरा मासा तोंड उघडून निश्चल असेल तर जवळ पाहा : क्लीनर रॅस नावाचे इवले मासे त्याचे कल्ले साफ करत असतील. खोल जाताना लाल रंग आधी नाहीसा होतो, म्हणून बॅटरी मागून घ्या. करडा वाटणारा खडक उजेडात तांबडा-केशरी दिसतो.

लायनफिशचे काटे विषारी असतात आणि स्टोनफिश तर खडकासारखाच दिसतो, म्हणून हात कशावरही टेकवू नये. काटा लागल्यास ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टर गाठावा. उथळ रेतीत चालताना पाय घासत चाला, म्हणजे पाकट बाजूला होतो. टायटन ट्रिगरफिश विणीच्या काळात घरट्यावरचा शंकूसारखा भाग राखतो आणि तो शंकू वर रुंद होत जातो. तो अंगावर आला तर वर न जाता आडवे निघून जा. व्हाइटटिप शार्क आणि कासवे त्रास देत नाहीत, पाठलाग मात्र करू नका. अंदमानच्या काही खाड्यांत आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून मगरीची पाटी असलेल्या ठिकाणी, आणि संध्याकाळी कुठेच, पोहायला उतरू नये.

हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्जबद्दल तुम्ही ऐकाल. या खोल जागा आहेत आणि तिथे प्रवाहही असतो. पहिल्या सहलीत त्यांचा हट्ट धरू नका. लाइटहाउस आणि नेमो रीफ नवशिक्याला आठवडाभर पुरतील.

९. वर येताना आणि नंतर

टाकीतली हवा दर काही मिनिटांनी पाहा आणि ५० बार उरायच्या आत पृष्ठभागाकडे निघालेले असा. वर चढताना वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको; आपल्याच सर्वांत लहान बुडबुड्यांच्या मागे राहा. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा. सांधेदुखी, मुंग्या, विलक्षण थकवा किंवा चक्कर जाणवली तर ‘झोपून बरे वाटेल’ म्हणू नका. त्याच क्षणी प्रशिक्षकाला सांगा, शुद्ध ऑक्सिजन मागा.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि अनेक शंख-शिंपले संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात. मुलांच्या खिशांकडेही एकदा पाहा.

त्याच संध्याकाळी नोंदवही भरा : जागा, खोली, वेळ, किती शिसे घेतले, सुरुवातीला आणि शेवटी किती हवा होती. कार्ड मुदतीचे नसते, पण वर्षभर पाण्यात गेला नसाल तर उजळणी करावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा अंदमान गाठण्याची गरज नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि रेल्वेने मुरुडेश्वर गाठले की जवळच्या नेत्राणी बेटावरही जाता येते. तिथे जाल तेव्हा मागच्या वेळी किती शिसे लागले होते, हे पहिल्यांदा विचारले जाईल.